बांधलेला आणि राखलेला : पाणवठ्याच्या पैशाची शंभर वर्षे

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास सांगताना सीताराम केशव बोले यांच्या ठरावाचा उल्लेख एका ओळीत येतो आणि आपण पुढे सरकतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात हा ठराव मंजूर झाला, त्याने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले करण्याची शिफारस केली आणि चार वर्षांनी त्याचा आधार घेऊन महाडला सत्याग्रह झाला, एवढे आपल्याला शाळेपासून माहीत असते. मूळ ठरावाचे शब्द पुन्हा वाचताना मात्र मी एका वाक्यांशापाशी थांबलो. सगळे पाणवठे खुले करा, असे ठराव म्हणत नाही. ‘सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले’, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा खुल्या करा, असे तो म्हणतो. सरकारी शाळा, कचेऱ्या, कोर्टे आणि दवाखाने यांचाही त्यात समावेश आहे.

माणुसकी, धर्म, शास्त्र यांचा आधार न घेता ठराव पैशाचा आधार घेतो. विहीर कोणाच्या पैशाने उभी राहिली आणि कोणाच्या पैशाने चालते, यावर तिचे पाणी कोणाचे हे ठरेल, असा त्याचा रोख आहे. या लेखात मला त्या एका वाक्यांशाचा शंभर वर्षांचा प्रवास मांडायचा आहे. त्यातली ‘बांधलेले’ आणि ‘राखलेले’ ही दोन क्रियापदे महत्त्वाची आहेत. लहान वस्त्यांच्या पाण्याचा आजचा प्रश्न या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत अडकला आहे, असे माझे म्हणणे आहे.

पुण्याचे पाणी

सार्वजनिक पैसा ही कल्पना येण्याआधी आपल्याकडे पाणवठे बांधले जात नव्हते असे नाही. मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या बारवा पाहिल्या की किती पैसा आणि किती कौशल्य पाण्यापाशी ओतले गेले हे कळते. अहिल्याबाई होळकरांनी देशभर विहिरी, कुंडे आणि घाट बांधले. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून पुण्याच्या हौदांत सोडले गेले. यांतली काही कामे राज्याच्या खजिन्यातून झाली, काही सरदार-सावकारांच्या खाजगीतून, काही गावच्या वर्गणीतून. पण बांधणाऱ्याच्या मनात हेतू असे तो धर्मकृत्याचा. पाणी पाजणे हे पुण्य. पुण्याचा हिशेब देणाऱ्याच्या बाजूने मांडला जातो. घेणाऱ्याला त्यात हक्क नसतो. पाणपोईवर बसलेला माणूस कोणाला भांडे देईल, कोणाच्या ओंजळीत लांबून धार सोडेल आणि कोणाला हाकलून देईल, हे त्याच्या मनावर आणि गावच्या रूढीवर असे.

या व्यवस्थेला आतून तडा देणारी मोठी घटना १८६८ची. जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौद स्वतःचा होता, त्यामुळे कोणाच्या ठरावाची वाट पाहावी लागली नाही. लोकांचा रोष पत्करावा लागला, तो त्यांनी पत्करला. पण या कृतीला एक मर्यादाही होती. स्वतःचा हौद खुला केल्याने शेजाऱ्याचा हौद खुला होत नव्हता. त्यासाठी पाणवठा ‘कोणाचा तरी’ न राहता ‘सगळ्यांचा’ व्हावा लागणार होता, आणि ‘सगळ्यांचा’ म्हणजे काय हे कोणीतरी कायद्याच्या भाषेत सांगावे लागणार होते.

लोकल फंडाचा पैसा

ती भाषा आली कराच्या वाटेने. मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा असा जादा उपकर बसवला गेला आणि १८६९च्या कायद्याने त्याला पक्के रूप मिळाले. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘लोकल फंड’ म्हणून जो शब्द येतो तो हाच. रस्ते, शाळा, धर्मशाळा, विहिरी यांवरचा खर्च यातून होऊ लागला. १८८४च्या कायद्यांनी जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डांची आणि नगरपालिकांची घडी बसवली. विहिरीवर खर्च करणारा सावकार जाऊन त्याच्या जागी बोर्ड आले.

आता बोर्डाचा आणि सरकारचा पैसा कोणाचा? शेतसारा भरणारा तो भरतोच. पण सरकारच्या तिजोरीत मिठावरचा कर होता, आबकारीचे मोठे उत्पन्न होते. अनेक नगरपालिकांच्या जमेत जकातीचा वाटा मोठा होता. मीठ विकत घेणारा, बाजारातून धान्य आणणारा प्रत्येक माणूस हा कर भरत होता, मग त्याच्या नावावर जमीन असो वा नसो. विहिरीवर ज्याला चढू दिले जात नव्हते त्याच्या मिठातला पैसाही तिजोरीत जात होता. बोले यांच्या ठरावाची ताकद या साध्या हिशेबात आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने यांत अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले होते. तिथे राजाची इच्छा पुरेशी होती. ब्रिटिश मुलुखात धर्मात ढवळाढवळ करायला सरकार कचरत होते. तिथे हिशेबाचा युक्तिवाद उपयोगी पडला, कारण त्यावर ‘आमच्या धर्मात असे नाही’ हे उत्तर लागू होत नाही.

सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने आपल्या खात्यांना ठरावाप्रमाणे वागण्याच्या सूचना दिल्या. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, काठावर काही बदलले नाही. अशीच स्थिती इतरत्र असल्यामुळे बोले यांनी १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड आधीचा ठराव अमलात आणणार नाही तिचे सरकारी अनुदान थांबवावे, अशी ही शिफारस होती. सार्वजनिक पैशातून हक्क निघतो हे पहिल्या ठरावाने सांगितले. हक्क नाकारला तर पैसाही थांबेल, हे दुसऱ्याने.

चाळीस रुपयांचे पाणी

१९ आणि २० मार्च १९२७ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेच्या जागी अस्पृश्यांना पाणी मिळण्याची सोय नव्हती, म्हणून चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घेतले गेले, अशी नोंद धनंजय कीरांच्या आंबेडकर-चरित्रात आहे. कौन्सिलचा ठराव, नगरपालिकेचा ठराव आणि नगरपालिकेच्या ताब्यातले तळे असे तिन्ही असताना हे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर झालेली मारहाण, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ आणि डिसेंबरातली दुसरी परिषद हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. मला त्याची कमी बोलली जाणारी बाजू पाहायची आहे, ती म्हणजे कोर्टातली.

४ ऑगस्ट १९२७ला नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात काही स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी दावा दाखल केला. तळे स्पृश्यांचे आहे आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे वाद दोन मुद्द्यांवर आला : मालकी आणि वहिवाट. खालच्या कोर्टाने १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपील कोर्टाने १९३३ मध्ये आणि मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी दावेदारांच्या विरुद्ध निकाल दिला. वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध होत नाही, असे हायकोर्टाने म्हटले. पहिल्या ओंजळीपासून अखेरच्या निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी होते.

निकाल बाजूने लागला तरी त्याच्या आधाराची मर्यादा पाहण्यासारखी आहे. चवदार तळे नगरपालिकेकडे होते म्हणून ते जिंकता आले. गावातली विहीर पाटलाच्या वाड्यातली असेल, भाऊबंदांच्या वर्गणीची असेल, देवस्थानाची असेल, तर बोले ठराव तिथे पोचत नव्हता. जिथे सार्वजनिक पैसा गेला नव्हता, तिथे सार्वजनिक हक्कही गेला नव्हता. आणि इलाख्यातल्या लहान गावांच्या बहुतेक पाणवठ्यांवर बोर्डाचा पैसा क्वचितच लागलेला असे.

वेगळी विहीर

यावर सरकारने आणि समाजसेवकांनी काढलेला उपाय म्हणजे अस्पृश्यांसाठी वेगळ्या विहिरी. सरकारी आणि लोकल बोर्डाच्या पैशातून अशा विहिरी झाल्या. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या हरिजन सेवक संघानेही अनेक विहिरी खणल्या. तहानलेल्या माणसाला पाणी मिळाले, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. पण आंबेडकरांनी धोका ओळखला होता. नोव्हेंबर १९३२ मध्ये लंडनला जाताना बोटीवरून त्यांनी ठक्करबाप्पांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मदतकार्यात शक्ती वाटून टाकण्याऐवजी गावच्या विहिरीवर पाणी भरणे, गावच्या शाळेत बसणे अशा नागरी हक्कांसाठी गावोगाव मोहीम काढा, असा त्यांचा आग्रह होता. संघाने वाट निवडली ती सोयी पुरवण्याची.

पैशाच्या दृष्टीने पाहिले तर वेगळ्या विहिरीने एक विचित्र गोष्ट केली. सार्वजनिक पैसा आला, पण हक्काचा दरवाजा उघडण्याऐवजी त्याने दरवाजा टाळायची सोय केली. ‘तुमची विहीर आहे ना, मग आमच्यावर कशाला येता?’ असे म्हणायला गावाला जागा मिळाली. दुसरा परिणाम हळूहळू दिसला. गावाची विहीर आटली तर गाव ओरडते, बोर्डाकडे जाते, गाळ काढून घेते. वस्तीची विहीर आटली तर फक्त वस्ती ओरडते. बांधताना दोन्हींवर सारखा पैसा लागला असेल, राखताना मात्र नाही.

संविधानातला शब्द

१९५०च्या संविधानात बोले यांचा युक्तिवाद ओळखू येईल अशा रूपात उतरला. कलम १५(२) म्हणते की पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या, किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणावरही निर्बंध घालता येणार नाही. १९२३च्या ठरावाशी ताडून पाहिले तर दोन बदल दिसतात. ‘अंशतः’ हा शब्द आला, म्हणजे सरकारचा थोडा पैसा लागला असला तरी पुरे. आणि ‘बांधलेले’ गळून ‘राखलेले’ उरले. तलाव कोणी बांधला, कोणत्या राजाने, कोणत्या सावकाराने, हे विचारण्याचे कारण राहिले नाही. आज तो कोण राखतो एवढेच विचारायचे. कलम १७ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५च्या कायद्याने पाणवठ्यावर मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला.

इथे कायद्याचा प्रवास पूर्ण झाला, पण पैशाचा प्रवास आता कुठे सुरू होत होता.

हातपंपाचा धडा

ग्रामीण पिण्याच्या पाण्यासाठी केंद्राचा वेगवर्धित कार्यक्रम सुरू झाला तो १९७२-७३ मध्ये, म्हणजे महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी. सपाट प्रदेशात दीड-पावणेदोन किलोमीटरच्या आत पाणी नसलेले गाव ‘समस्याग्रस्त’ मानले गेले. माणशी ४० लिटर हे माप ठरले. दख्खनच्या काळ्या पाषाणात वेगाने भोक पाडणारी यंत्रे आली आणि विंधण विहिरींवर हातपंप बसू लागले.

सुरुवातीचे बिडाचे पंप टिकेनात. ते एका कुटुंबाच्या अंगणासाठी बनवलेल्या नमुन्यावरचे होते आणि त्यांच्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो माणसे पाणी भरत. उपाय निघाला तो मराठी मुलुखात. जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या कामाशी जोडलेल्या कारागिरांनी पोलादी, मजबूत दांड्याचे पंप बनवले. सोलापूरच्या नमुन्यावर युनिसेफच्या पुढाकाराने पुढे ‘इंडिया मार्क २’ हा पंप तयार झाला आणि तो जगभर गेला. पंप चांगला झाला तरी वायसर झिजतातच, साखळी तुटतेच. म्हणून पंचायत समितीकडे दुरुस्ती पथके आली, मेकॅनिक आले, गाडी आली. राखण्याचा खर्च सरकारी हिशेबात स्पष्टपणे धरला गेला, तो या काळात.

हातपंपाला वीजबिल नव्हते. तो उघड्यावर असे, त्याला कुलूप नसे. त्याच्यावरही जातीची रांग लागत होती, हे खरे आहे. पण तो बंद पडल्यावर कोणाच्या खिशाकडे बघायचे, हा प्रश्न वस्तीला पडत नव्हता. पंप सरकारने बसवला होता आणि सरकारच दुरुस्त करणार होते.

लोकवर्गणीचा काळ

१९९०च्या दशकाच्या अखेरीस वारे फिरले. सरकारने बांधलेल्या योजना गावाला आपल्या वाटत नाहीत म्हणून त्या बंद पडतात, असे निदान झाले. त्यात तथ्य होते. १९९९ मध्ये केंद्राने निवडक जिल्ह्यांत नवी पद्धत आणली. २००० साली महाराष्ट्राने मागणीवर आधारित धोरण स्वीकारले. २००२ मध्ये ‘स्वजलधारा’ आली, पाठोपाठ जागतिक बँकेच्या मदतीने ‘जलस्वराज्य’. सूत्र सगळीकडे एकच : गावाने योजना मागावी, भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा लोकवर्गणीतून भरावा आणि पुढचा चालवण्याचा खर्च पूर्ण उचलावा.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘जल जीवन मिशन’ने प्रत्येक घरी नळ आणि माणशी ५५ लिटर हे लक्ष्य ठेवले. गावातल्या कामांसाठी वर्गणी दहा टक्के, आणि डोंगराळ भागात किंवा निम्म्याहून जास्त लोकसंख्या अनुसूचित जाती-जमातींची असलेल्या गावांत पाच टक्के. ती रोख, वस्तू किंवा श्रमरूपानेही देता येते. पाणी समितीत निम्म्या स्त्रिया आणि दुर्बल घटकांचे प्रतिनिधी असावेत, अशीही तरतूद आहे. हेतूंना नावे ठेवण्यासारखे यात काही नाही. पाणी डोक्यावरून आणणाऱ्या बाईच्या दारात नळ येणे ही मोठी गोष्ट आहे.

पण सूत्राचा दुसरा भाग पाहा. बांधण्याचा पैसा जवळपास सगळा सरकारचा, राखण्याचा जवळपास सगळा गावाचा. आणि राखण्याच्या खर्चाला एक खोड आहे. घरे कमी झाली म्हणून तो त्याच प्रमाणात कमी होत नाही. समजा, चारशे घरांच्या गावात मोटारीचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, टीसीएल पावडर आणि दुरुस्ती मिळून महिन्याला २४,००० रुपये लागतात. घरामागे ६० रुपये झाले. आता चाळीस घरांची वाडी घ्या. मोटार लहान, बिल कमी, पण माणूस लागतोच आणि मोटार जळायची ती जळतेच. खर्च ८,००० धरला तरी घरामागे २०० रुपये होतात. आणि ही चाळीस घरे बहुधा मजुरांची, वर्षातले काही महिने ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली. ज्याच्याकडे कमी आहे त्याला जास्त दराने पाणी, हा या हिशेबाचा अर्थ.

गेल्या काही वर्षांत मी रायगड आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या काही ग्रामपंचायतींच्या पाणीपट्टीच्या वह्या पाहिल्या. त्यांत एक नमुना वारंवार दिसला. मुख्य गावाची वसुली बरी असते, वाड्या-वस्त्यांची थकते. थकबाकी वाढली की बिल राहते, बिल राहिले की वीज तोडली जाते. मग आधी बंद होते ती टोकाची जोडणी : बौद्धवाडी, कातकरवाडी, पाडा. ‘योजना सरकारनं दिली, पण मोटार जळाली तर पुन्हा कुणाच्या दारात जायचं?’ असे एका सरपंचबाईंनी मला विचारले. आणि एका वहीत एका वस्तीपुढे तीन शब्द लिहिलेले पाहिले : ‘वर्गणी नाही. बंद.’

हे तीन शब्द मला १९२३च्या ठरावाच्या नेमके उलट वाटतात. बोले म्हणत होते : पैसा सगळ्यांचा आहे, म्हणून पाणी सगळ्यांचे. वही म्हणते : पैसा ज्यांनी भरला, पाणी त्यांचे. जातीचे नाव कुठेही येत नाही. कायदा मोडला असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तरी नळ कोरडा पडतो तो बऱ्याचदा त्याच वस्त्यांत, जिथे शंभर वर्षांपूर्वी विहीर बंद होती.

मग पैसा कोणी द्यावा?

वाचक विचारतील, पाणीपट्टी मागूच नये का? तसे मी म्हणत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्यात सामान्य पाणीपट्टी आणि विशेष पाणीपट्टी असे दोन कर पूर्वीपासून आहेत. सामान्य पट्टी सार्वजनिक सोयीसाठी सगळ्यांकडून, विशेष पट्टी घरच्या नळासाठी. त्या रचनेत एक शहाणपण होते. सार्वजनिक नळकोंडाळे सगळ्यांच्या पैशाने चालायचे आणि ज्याला घरात सोय हवी त्याने जास्त द्यायचे. घरोघरी नळ आल्यावर कोंडाळी मोडली गेली आणि ज्याचा नळ तुटला त्याला जायला जागा उरली नाही. घरचा नळ थकबाकीने बंद झाला तरी वस्तीत एक सार्वजनिक नळ वाहता राहिलाच पाहिजे, एवढा नियम करणे अवघड नाही.

दुसरे असे की पैसा नाही ही गोष्ट खरी नाही. दर उन्हाळ्यात टंचाई आराखडे होतात आणि माणशी २० लिटरच्या हिशेबाने टँकर धावतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. तेव्हा कोणी लोकवर्गणी विचारली नाही, आणि विचारू नये हे बरोबरच होते. म्हणजे पाणी संपल्यावर सरकार सगळा खर्च करते, पाणी चालू ठेवायला मात्र हात आखडते. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला, ही योग्य दिशेची पायरी होती. त्यातला ठरावीक वाटा पन्नास-साठ घरांच्या आतल्या वस्त्यांच्या वीजबिलासाठी आणि दुरुस्तीसाठी वेगळा ठेवला, आणि तो वस्तीनिहाय ग्रामसभेत वाचून दाखवला, तर ‘राखलेला’ या शब्दाला पुन्हा सरकारी पैशाचा आधार मिळेल.

बोले यांच्या दुसऱ्या ठरावाचीही आठवण ठेवावी. १९२६ मध्ये त्यांनी विचारले होते की जी संस्था पाणी सगळ्यांना देत नाही तिला अनुदान का द्यावे. आज तोच प्रश्न असा विचारता येईल : गावात नळ पोचला म्हणून योजना पूर्ण झाल्याचा दाखला देताना, शेवटच्या वाडीत सहा महिने सलग पाणी आले का, हे का पाहू नये? दाखला आणि शेवटचा हप्ता त्यावर अवलंबून ठेवला तर पाइप टाकणाऱ्याचे लक्ष आपोआप टोकाकडे जाईल.

१९२३च्या ठरावाने ‘बांधलेले आणि राखलेले’ असे दोन शब्द एकत्र ठेवले होते. संविधानाने त्यातला दुसरा निवडला, कारण पाणवठा रोज राखावा लागतो. आपल्या योजनांनी पहिला निवडला, कारण बांधकामाचे उद्घाटन करता येते. आटलेल्या विहिरीचा गाळ काढण्याचे, जळालेली मोटार भरून आणण्याचे, महिन्याचे बिल भरण्याचे उद्घाटन होत नाही. लहान वस्तीचे पाणी मात्र त्याच खर्चावर चालते, आणि तो खर्च सगळ्यांचा मानला तरच ते सगळ्यांचे पाणी राहील.